चिखलाची गाडी आणि आमचे अप्पा

अप्पा गेल्याची बातमी आली तेव्हा मी जळकोटच्या पुढे एका ओढ्यात गुडघाभर चिखलात उभी होते आणि माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक फिरायचं थांबलं होतं. भाद्रपदातली काळी माती काय चीज असते हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ती आधी टायरला धरते, मग मडगार्डला धरते आणि दोघांच्या मधे अशी ठासून बसते की इंजिन कितीही बोंबललं तरी चाक जागचं हलत नाही. मी बाभळीच्या काडीनं ती माती उकरत होते आणि तोंडानं तिला शिव्या घालत होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. महेशचा, माझ्या नवऱ्याचा. "सुनंदा, कुठं आहेस?" एवढं विचारून तो थांबला. महेश फोनवर कधी थांबत नाही, दुकानदार माणूस आहे... "अप्पा गेले गं. पूजा करून उठले, खुर्चीत बसले, आणि..." मी फोन खिशात ठेवला आणि परत खाली बसून चिखल काढायला लागले. आमच्या गटातले, मागून गाड्या घेऊन येणारे दोघं धावत आले; महेशनं त्यांनाही कळवलं होतं. त्यांना वाटलं, हिला काही समजलेलंच नाही. समजलं होतं. पण चाक फिरल्याशिवाय घरी पोचता येणार नव्हतं. शेवटी तिघांनी मिळून चाक मोकळं केलं आणि मी लातूरच्या वाटेला लागले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म त्यांनी लातूरच्या गोलाईत कापडाचं दुकान चालवलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरं स्वच्छ धोतर, आणि आवाज असा की त्यांनी घरात पाणी मागितलं तर शेजारची बाई तांब्या उचलायची. स्वभाव तापट. चूक दिसली की बोलायचे, बोलून झालं की लगेच चहा मागायचे. मीही तशीच आहे, म्हणून आमचं जमायचं. ऐकणाऱ्याला वाटायचं ही दोघं भांडून राहिलीत, आम्ही नुसतं बोलत असायचो. दुकान महेशच्या हाती दिल्यावर मात्र त्यांनी वर्षभर घराला बेजार केलं. भाजी कशी चिरावी, कपडे कोणत्या दोरीवर वाळत घालावेत, सगळ्यात तोंड. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे त्यांना आवरणारंही कुणी नव्हतं. त्यांची थोरली लेक, आमची मंगल आक्का, नांदेडला दिलेली. ती रोज फोनवर म्हणायची, "सुनंदा, अप्पांना कायतरी काम लाव बाई, न्हाईतर ते तुमच्या डोक्यावर मिरे वाटतील." काम मी लावलं. पण आक्काच्या मनात होतं तसलं ते नव्हतं.

माझं माहेर अर्धापूरकडचं. केळीच्या बागांमधून, बांधाबांधानं बाबांची जुनी मोटारसायकल दामटत मी लहानाची मोठी झाले. लग्न झालं, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला लागले, स्कुटीवरून ये-जा, असं सगळं सभ्यपणे चाललं होतं. पण मनातून ते बांध काही जात नव्हते. शेवटी एक दिवस मी गाडी आणलीच. उंच, अंगानं सडपातळ, टायरांना गाठी असलेली, रस्ता सोडून माळावर चढणारी. अप्पा तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "हे काय आनलंस? घोडा हाय का बकरी?" म्हटलं, "अप्पा, ही चिखलात चालते." "चिखलात म्हैस बी चालती. वर दूध देती." ते आणखी एक चक्कर मारून आले, हँडल हलवून पाहिलं आणि निकाल दिला, "आनलीस तर आता पाळायची. दारातलं मुकं काय बी असू दे, त्याची आबाळ करायची न्हाई. आन चालवणार तू, तर धुणार बी तूच. दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई." महेश हसत होता. त्याला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे दोघांचंही.

धुणार तूच हे मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं. माळावरून आले की सरळ गाडी धुवायच्या सेंटरवर न्यायची, ते बंदुकीसारख्या नळीतून फवारा मारायचे आणि गाडी लखलखीत व्हायची. पावसाळा सरायच्या आत मागचं चाक कुरकुरायला लागलं. खोललं तर आतल्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून गंज धरलेला. अप्पा असे काही तापले... "अगं, कोऱ्या लुगड्यावर असा फवारा मारला तर रंग उडून जाईल. आन तू सांध्यात मारतीस?" त्या दिवशी त्यांनी परसात मोरीपाशी स्टूल टाकलं आणि ती जागा कायमची त्यांची झाली. बादली, तांब्या आणि माझं स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं. मातीचे पापुद्रे ओले असतानाच उलथन्यानं खरवडायचे, कारण काळी माती एकदा वाळली की दगड होते आणि काढताना रंगही घेऊन जाते. इंजिन तापलेलं असताना गार पाणी ओतायचं नाही, आधी चहा प्यायचा, मग धुवायचं. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचा म्हणजे आत पाणी जात नाही. एकदा तो बोळा काढायचा राहिला आणि गाडी काही केल्या सुरू होईना. मी किक मारून मारून घामाघूम झाले. अप्पा स्टुलावर बसून शांतपणे म्हणाले, "तोंडात बोळा कोंबल्यावर कोण बोलंल?"

यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगते. मलाही फार कळत नव्हतं. पण कापडातलं त्यांना सगळं कळायचं, आणि गाडी पुसायची म्हणजे निम्मं काम कापडाचं असतं हे मला त्यांच्यामुळे समजलं. मी एकदा साडीच्या पिशवीतून आलेलं चमकदार फडकं घेऊन साखळी पुसायला बसले, तर त्यांनी ते हातातून ओढून घेतलं. "टेरीकॉट तेल पीत न्हाई, नुसतं इकडचं तिकडं करतंय." बरं, म्हणून नवं सुती कापड घेतलं, तर तेही नाही चाललं, त्याचे बारीक तंतू सुटतात आणि हवेच्या फिल्टरला चिकटतात. पाहिजे ते जुनं, शंभरदा धुतलेलं सुती धोतर. दुकानातले शिल्लक तुकडे आणि स्वतःची जुनी धोतरं फाडून त्यांनी तीन गठ्ठे बांधले होते, तेलाचं वेगळं, पाण्याचं वेगळं आणि ब्रेकच्या चकतीचं वेगळं. ब्रेकच्या फडक्याला तेलाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. तेल लागलेली चकती धरत नाही, आणि चकती धरली नाही की माणूस राहत नाही, असं ते म्हणायचे.

आता करडीच्या तेलाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय अप्पा पुरे होत नाहीत. साखळीला आणि हवेच्या स्पंजाच्या फिल्टरला तेल लावायचं असतं हे आम्हाला माहीत झालं होतं. त्यासाठी वेगळं तेल मिळतं, मी आणलंही होतं. पण अप्पांचा बाजारच्या बाटलीवर विश्वास नव्हता. आमच्याकडे घाण्यावरून करडीचं तेल येतं, पिवळंधमक. अप्पांचं गुडघे चोळणं त्याच्यावर, भाजी त्याच्यावर, डोक्याला तेच. "माझ्या हाडाला चालतंय, तर साखळीला कामून चालणार न्हाई?" असं म्हणून त्यांनी मी कॉलेजात असताना साखळी त्या तेलानं न्हाऊ घातली, फिल्टर त्यात बुडवून पिळला आणि वाळत टाकला. सोयाबीनच्या मळणीचे दिवस होते. हवेत भुसकटच भुसकट. पुढच्या रविवारी अर्धापूरजवळ माळावर शर्यत होती. मी मोठ्या तोऱ्यात निघाले. गाडी तापली तसा वास सुटला, आणि मागच्या गाडीवरचा एक जण ओरडला, "ताई, भजी तळून राहिल्या का?" पुढे हसू आलं नाही. करडीचं तेल हवेवर वाळतं, घट्ट होतं, हे घरातल्या प्रत्येक बाईला डब्याच्या काठावरून माहीत असतं आणि तरी मलाही सुचलं नव्हतं. फिल्टरची पार चिक्की झाली होती, साखळीचे दुवे आखडून काठीसारखे झाले होते. अर्ध्या माळावर गाडीचा श्वास कोंडला आणि ती बंद पडली. माहेरच्या सगळ्या गावासमोर मी ती ढकलत आणली.

घरी आले तर अप्पा दारातच. त्यांना फोनवर कळलं होतं. मला वाटलं आता तेलाची बाजू घेऊन भांडतील. तर म्हणाले, "चुकलंच. आता हे काढायचं कसं, ते बघू." मग आम्ही दोघांनी राकेलाच्या भांड्यात ती साखळी भिजत घातली आणि जुन्या दात घासायच्या ब्रशानं दुवा न दुवा घासला. बोटं फाटेपर्यंत. फिल्टर राकेलात धुतला, मग साबणाच्या पाण्यात, आणि तो पिळायचा नाही, नुसता तळहातात दाबायचा, हे तिथंच शिकलो, कारण पहिला आम्ही धोतरासारखा पिळला आणि फाडला. दुसरा आणला. तो धुतला की सावलीत वाळवायचा, आणि वर बाटलीतलंच तेल. तेव्हापासून अप्पांनी घाण्याचं तेल परसात येऊ दिलं नाही. भाजीत मात्र खाताना दर वेळी म्हणायचे, "हे खाऊन माझी बी साखळी आखडली असंल."

त्यानंतरचे रविवार सगळे सारखेच. मी खाली फरशीवर, ते स्टुलावर. चालवून आल्यावर साखळी कोमट असतानाच तेल द्यायचं, म्हणजे ते आत मुरतं. मी गाडीवर बसायची आणि ते दोन बोटांनी साखळी खालून वर उचलून बघायचे, कापडाचा पोत बघावा तसे. ताण फार नको, ढील फार नको. स्पोकवर पान्यानं टिचकी मारत जायचं, घट्ट असेल तो टणटण बोलतो, सैल असेल तो मेल्यासारखा धप् करतो, त्याला अगदी चिमूटभर पिळायचं. ओढ्यातून आलं की इंजिनचं तेल बघायचं, ते ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलं, लगेच बदलायचं. माहेरच्या केळीच्या बागेतून आले की चाकाच्या दांड्याभोवती सोपटाचे धागे गुंडाळलेले असायचे. दिसायला निरुपद्रवी, पण आतलं रबर कापून काढतात. ते अप्पा शिंप्याच्या कात्रीनं कापायचे. आणि माझी लाल नखपॉलिश! प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडापर्यंत तिची बारीक रेघ. नट जरा जरी फिरला की रेघ तुटते आणि लगेच दिसतं. हे कुणीतरी मला माळावर सांगितलं होतं, मी घरी येऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी. कॉलेजात जायचं म्हणून मी शोधत होते, अप्पा म्हणाले, "नखाचं काय घेऊन बसलीस, नट बघ कसे नवरीसारखे दिसून राहिलेत."

एकदा मी पडले. चाकूरकडच्या एका खदानीच्या उतारावर, मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले. महेशचा चेहरा पांढरा पडलेला. अप्पा आधी माझ्याकडे नाही, गाडीकडे गेले. ब्रेक दाबून पाहिला, चाकं फिरवली, हँडल पाहिलं, सगळं नीट पाहून मग माझ्यासमोर येऊन बसले. "गाडीची चूक का तुझी?" म्हटलं, "माझी. उतार ओळखला नाही." त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग बरं. तुझी चूक तू सुधारशील. गाडीची असती तर ती माझी असती." एवढं बोलून ते आत गेले आणि देवापाशी बसले. मला रडू फुटलं. मनगट दुखत होतं म्हणून नव्हे.

तर अशी ही गाडी चिखलानं माखलेली घेऊन मी त्या दिवशी दारात आले. अंगण माणसांनी भरलेलं. आम्ही लिंगायत, म्हणून अप्पांना बसतं केलं होतं, गळ्यात लिंग, कपाळाला ताजी विभूती, फुलांत. संध्याकाळी रुद्रभूमीत त्यांना समाधी दिली. नांदेडहून आक्का आली ती बापाच्या पायाशी बसली ते उठेचना. तो दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तर गाडी तशीच, माती वाळायला लागलेली. मी बादली भरली. घरात पाहुणे, ओट्यावर पाहुणे, सगळ्यांच्या माना वळल्या. आक्का बाहेर आली. "सुनंदा, आज? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "आक्का, आपल्यात सूतक नसतं. अप्पांनीच सांगितलं होतं, लिंग धारण केलेल्याला सूतक कसलं." आक्का म्हणाली, "देवाचं नसंल. लोकांचं असतंय." तिचं खोटं नव्हतं. पण मी उलथनं हातात घेतलं. स्टूल रिकामं होतं, त्याच्याकडे न बघता मी मागच्या चाकापासून सुरुवात केली आणि सगळं धुऊन, पुसून, साखळीला तेल देऊनच उठले. मागून एक बाई म्हणाली, "दुःखच न्हाई बघा हिला." म्हणू दे. मी त्या बाईला आजही ओळखते आणि आजही बोलत नाही.

खरी गोष्ट पुढे निघाली. पाहुणे पांगल्यावर, एका दुपारी, आक्का माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता ती गाडी देऊन टाका कुणाला तरी." मी विचारलं, कामून? "अप्पा बघत होते मनून आम्ही गप्प होतो. तू माळावर गेलीस तरी मला घोर नसायचा, अप्पांनी हात लावलेला असायचा तिला. आता कोण बघणार? उद्या कायतर निसटलं, तू पडलीस, तर माझ्या भावानं काय करायचं?" महेश तिथंच होता, तो खाली बघत राहिला. म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं. मग आक्काच्या तोंडून आतलं बाहेर आलं. "आन त्या दिवशी सकाळी बी तू त्यांना मागं बसवून फिरवून आणलंस. सत्तरी ओलांडलेला माणूस... दुपार व्हायच्या आत गेला."

त्या फेरीबद्दल सांगायला हवं. मी कुठं लांब निघाले की अप्पा आधी स्वतः मागं बसायचे. धोतर खोचायचं, माझ्या खांद्यावर हात, आणि गल्लीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत. डोळे मिटून ऐकायचे. आपण चालवताना आपल्याला वारा ऐकू येतो, मागं बसलेल्याला गाडी ऐकू येते, असं त्यांचं म्हणणं. काही वाजलं की खांद्यावर थाप, मी थांबायची. काही नाही वाजलं तर उतरून म्हणायचे, "जा." त्या सकाळी काही वाजलं नव्हतं. उतरले, "जा" म्हणाले, आणि मी गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या फेरीचा त्यांच्या जाण्याशी काही संबंध नाही. मी आक्काला तेच सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरला काय, त्याचा बाप होता का?" आणि उठून गेली. मी तिच्यावर चिडले, खरंच चिडले, पण बापासाठी रडणाऱ्या बाईशी कोणत्या तोंडानं भांडायचं...

मी एकच ठरवलं. गाडी जाणार नाही, आणि आक्काच्या प्रश्नाचं उत्तर मी तोंडानं देणार नाही. कोण बघणार? मी बघणार. अप्पांच्या जिवावर ही गाडी धडधाकट होती असं सगळ्यांना वाटतं ना, मग माझ्या एकटीच्या हातानं ती तशीच राहते हे घरात सगळ्यांना दिसू दे. दिवाळीनंतर अर्धापूरच्या माळावर शर्यत होती. तिथं जायचं. कॉलेज सुटलं की परसात. पुढचं चाक उतरवलं, बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं. पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांच्या रबराखाली अडकलेली माती प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं काढली, नाहीतर तिथून तेल गळतं. क्लचची तार सोडवून, वरच्या टोकाला पिशवीचा कोपरा बांधून त्यात तेल ओतलं आणि ते थेंबाथेंबानं खाली उतरेपर्यंत वाट पाहिली. चाक सरळ फिरतं का ते बघायला अप्पा खडू धरायचे आणि मी फिरवायची, जिथं खडू घासेल तिथं वाक. आता खडू विटेवर टेकवला. सरळ व्हायला पाच संध्याकाळी गेल्या, एकदा तर मी पाना भिंतीवर फेकून मारला. पण झालं.

अडलं ते ब्रेकच्या तेलापाशी. जुनं तेल काढून नवं भरताना नळीत हवा राहते, ती काढायला दोन माणसं लागतात, एकानं हँडलवरची ब्रेकची पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं खाली स्क्रू सोडून बंद करायचा. मी एकटी हात पुरवायचा प्रयत्न करत होते, वाकडीतिकडी होऊन. तेवढ्यात पट्टीवर दुसरा हात आला. महेश. दुकानातून आलेला, इस्त्रीच्या शर्टात. "सांग," म्हणाला. मी म्हटलं, "दाब. धर. आता सोडू नकोस." तो दाबत राहिला, मी सोडत-आवळत राहिले, बुडबुडे यायचे थांबले, पट्टी दगडासारखी घट्ट झाली. तो स्टुलावर बसला नाही, उकिडवा बसला होता माझ्यासारखाच. उठताना म्हणाला, "अप्पा मला कधी हात लावू द्यायचे नाहीत." मी म्हटलं, "तू कधी आलास?" त्यावर दोघंही हसलो. अप्पा गेल्यावर त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं असेल.

दिवाळी अशी केलीच नाही. भाऊबीजेला आक्का आली, भावाला ओवाळलं आणि राहिली. गाडीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. पण मी परसात बसले की ती मागच्या दारात येऊन उभी राहायची, लसूण सोलत. एकदा फक्त म्हणाली, "हे रोज करायचं असतंय का?" मी म्हटलं, "रोज नाही. पण प्रत्येक वेळी." ती आत गेली.

शर्यतीच्या रविवारी सकाळी मी निघाले. बूट घातले, गाडी फाटकाबाहेर काढली, सुरू केली. महेश हेल्मेट हातात धरून उभा. सगळं बघून झालं होतं, पुढून मागं आणि मागून पुढं, आणि तरी माझा पाय गिअरवर पडेना. मागची सीट रिकामी होती. इतके दिवस हातांना काम होतं म्हणून निभावलं, त्या क्षणी मात्र मला अप्पा इतके पाहिजे झाले की डोळ्यांसमोर काही दिसेना... तेवढ्यात आक्का बाहेर आली. अंघोळ झालेली, कपाळाला विभूती, पदर कमरेला खोचलेला. मला वाटलं, आता भर गल्लीत अडवणार. ती गाडीजवळ आली आणि सीटवर हात ठेवून म्हणाली, "अप्पा हितंच बसायचे का?"

"हाव."

"आन टाकीपर्यंत जायचे?"

"टाकीपर्यंत. आणि परत."

तिनं महेशचा दंड धरला, चप्पल पायात घट्ट केली आणि एका अंगानं चढून बसली. माझ्या खांद्यावर तिचा हात आला. "हळू ने गं. मला भ्या वाटतंय." मी हळू निघाले. भाजीवाली बघत राहिली, शेजारी बघत राहिले, आक्का कुणाकडे बघत नव्हती. आरशात दिसलं, तिनं डोळे मिटून घेतले होते. अर्धी गल्ली झाली आणि खांद्यावर जोरात थाप पडली.

"थांब. कायतर वाजून राहिलंय."

"आक्का, तुमच्या बांगड्या असतील."

"बांगड्या मी मुठीत धरल्यात. खाली वाजतंय, मागच्या बाजूला."

मी गाडी बंद करून खाली वाकले. साखळीवरच्या पत्र्याचा एक बोल्ट सैल होता. माझ्या नजरेतून तो निसटला होता. मी खिशातून पाना काढून आवळला, आणि वर बघते तर आक्का अजून सीटवरच, पदरानं डोळे पुसत.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग टाकीपर्यंत चल. परत पहिल्यापासून ऐकते."